पाणचक्कीचं पीठ कोण खायचं?

गोधडी

मागच्या आठवड्यात आईला घेऊन छत्रपती संभाजीनगरला (आमच्या घरात अजून औरंगाबादच) जाऊन आले. मकबरा पाहून झाला आणि दुपारी पाणचक्की. आई अठ्ठ्याहत्तरची, गुडघ्यांची तक्रार, त्यामुळे वडाच्या सावलीत हौदाच्या काठावर बसवलं. उंचावरून हौदात कोसळणाऱ्या पाण्याचे फोटो काढून झाले, मासे बघून झाले. आईचं एकच चाललेलं, "अगं, पण चक्की कुठंय?"

चक्की बाजूला, एका छोट्याशा खोलीत. पाहिली. आईने वाकून दोन्ही दगड निरखले, खालची तळी केवढी, वरची पाळी केवढी, तोंड कुठे ते बघितलं आणि विचारलं, "पीठ गरम येतं का गार?"

आता काय सांगणार? बाहेर आल्यावर दुसरा प्रश्न: "आणि हे पीठ कुणाच्या घरी जायचं?"

बारावीपर्यंत त्याच जिल्ह्यात शिकले, चार सहली केल्या, पण हे दोन्ही प्रश्न मला कधी पडले नव्हते. तेव्हापासून जमेल ते वाचते आहे. जाणकारांनी भर घालावी. आपापल्या गावातल्या जुन्या गिरण्यांबद्दलही लिहा, विषयाला धरूनच आहे.

खाम_काठचा

पाणचक्कीशेजारच्या बेगमपुऱ्यात वाढलो, म्हणून लिहायचा हक्क बजावतो.

आधी एक नेहमीचा गैरसमज. "पाणचक्की मलिक अंबरने बांधली" असं रिक्षावाल्यापासून शिक्षकांपर्यंत सगळे सांगतात. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गावाची राजधानी केली आणि पुढे डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. अंबर १६२६ मध्ये वारला. पाणचक्कीची नहर वेगळी आणि तिच्या खूप नंतरची. अंबरने शहराला पाण्याची ही विद्या शिकवली असं म्हणा हवं तर. पुढच्यांनी तीच गिरवली.

जागा मुळात तकिया, म्हणजे फकिरांचा मठ आहे. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडचे नक्शबंदी पंथाचे सूफी. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश. पलंगपोश म्हणजे बिबट्याचं कातडं पांघरणारे, खाटेचा काही संबंध नाही. गुरू मोगल फौजेबरोबर फिरायचे आणि शिष्य औरंगाबादेत ठाण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांची, प्रवाशांची सोय बघायचे. मशीद, मदरसा, सराई, कचेरी हे सगळं हळूहळू भोवती उभं राहिलं. चक्की बांधवली ती नवाब तुर्कताज खान या सरदाराने. मशिदीपुढचा लांबट हौद आणि कारंजी त्यानंतर वीसेक वर्षांनी जमील बेग खानाने केली.

तेव्हा आईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की पीठ घरी जायचंच नाही, ते तकियाच्या मुदपाकखान्यात जायचं. फकीर, मदरशातली मुलं, सराईत उतरलेले वाटसरू यांच्या रोट्यांसाठी.

जाता जाता: हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली माणसं. मे महिन्यात त्या दालनात उभं राहून बघा, वाळ्याचे पडदे विसराल.

अर्धवट

वा! म्हणजे मूळ वस्तू मुदपाकखान्यातली आणि आपण तिच्यापुढे प्री-वेडिंग शूट करतो. आजीच्या रगड्याशेजारी उभं राहून कुणी करत नाही ते. (जागा राखून ठेवतो, सविस्तर नंतर.)

काळीपांढरी

बांधकामाच्या सालाचा घोळ आहे आणि तो मला बरेच दिवस छळतोय. बहुतेक ठिकाणी १६९५ वाचायला मिळतं, काही ठिकाणी १७४४. पन्नास वर्षांचा फरक.

आता नुसतं तर्काने बघू. तुर्कताज खान कोणाचा सरदार? निजाम-उल-मुल्क आसफजाहचा. "निजाम-उल-मुल्क" हा किताब त्याला मिळाला १७१३ मध्ये आणि दख्खनेत तो खऱ्या अर्थाने स्थिरावला १७२४ नंतर. १६९५ मध्ये औरंगजेब जिवंत होता. मग "निजामाच्या सरदाराने १६९५ मध्ये" हे वाक्य उभं राहतंच कसं?

दुसरा धागा जास्त गंमतीचा. जमील बेग खानाने हौद-कारंजी केली तेव्हा आझाद बिलग्रामी या कवीने त्यावर मसनवी (फारसी दीर्घकाव्य) रचली असं गॅझेटियरात आहे. बिलग्रामी औरंगाबादेत येऊन याच तकियात काही वर्षं राहिला होता, कबर खुलताबादला. जन्म १७०४, मृत्यू १७८६. चक्की १६९५ ची धरली तर वीस वर्षांनी, म्हणजे १७१५ मध्ये, हौद झाला. तेव्हा कवीचं वय अकरा, आणि तो तिकडे उत्तरेत बिलग्राममध्ये धुळाक्षरं गिरवत असणार! चक्की १७४४ ची धरली तर हौद १७६४ च्या आसपास येतो, कवी साठीचा आणि गावातच मुक्कामी. सगळं जागच्या जागी बसतं.

बाबा शाह मुसाफिर १७१५ च्या सुमारास गेले. म्हणजे हा हिशेब खरा असेल तर त्यांनी ही चक्की फिरताना कधी बघितलीच नाही. चक्की त्यांच्या पश्चात, गादीवरचे शिष्य शाह महमूद यांच्या काळातली. गुरूंच्या आठवणी फारसीत लिहून ठेवणारे तेच.

गोधडी

@काळीपांढरी, कवीच्या वयावरून गिरणीचं वय! आईला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात जन्मतारखा अशाच काढतात. कोण कुणाच्या लग्नात किती वर्षांचं होतं त्यावरून."

यंत्रमाग

चक्कीच्या रचनेबद्दल थोडं.

चित्रात आपण पाणचक्की म्हटलं की बैलगाडीच्या चाकासारखं उभं चाक बघतो. इथे तसं नाही. इथलं चाक आडवं, जमिनीला समांतर, पंख्यासारख्या पात्यांचं, आणि ते जमिनीच्या पातळीखाली. पाण्याची जोरकस धार पात्यांवर आदळते, चाक फिरतं, त्याच्या मधोमध उभा आस, आणि त्या आसावर थेट वरची पाळी. मध्ये दाते नाहीत, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे पाळीचा एक फेरा. बिघडायला फारसं काही नाहीच, म्हणून असली यंत्रं शतकानुशतकं टिकतात.

याचा तोटाही आहे. उभ्या चाकाला दाते लावून वेग चौपट-पाचपट वाढवता येतो, इथे पाणी जितकं देईल तितकंच. हिशेब सोपा: सेकंदाला १०० लिटर पाणी १ मीटर खाली पडलं तर जेमतेम १ किलोवॅट शक्ती मिळते, आणि असल्या चाकात त्यातला निम्माही भाग दगडापर्यंत पोचत नाही. आजची पिठाची गिरणी साधारण ७-१० अश्वशक्तीच्या मोटरवर चालते. तेव्हा पाणी भरपूर किंवा उंची भरपूर, दोन्हीपैकी एक पाहिजेच. इथल्या खाम नदीला बारमाही भरपूर पाणी कुठलं? म्हणून उंचीची सगळी खटपट. काही मैल वरच्या अंगाला विहिरीतून पाणी घ्यायचं, मातीच्या भाजलेल्या नळांतून जमिनीखालून आणायचं, आणि शेवटी नळाने पुन्हा भिंतीवर चढवायचं. पाणी आपली मूळची पातळी सोडत नाही, बंद नळात खाली उतरलं तरी पुन्हा जवळपास तेवढंच चढतं. ज्या धबधब्याचे सगळे फोटो काढतात, तो म्हणजे त्या डोंगराची शिल्लक राहिलेली उंची.

अशा बंद वाहिनीत हवा कोंडली की पाणी अडतं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी आणलं त्या नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेत, ते त्यासाठीच. शाळेत असताना आम्हाला ती छोटी देवळं वाटायची.

निवृत्त_फौजी

आडवं चाक वाचलं आणि राहवलं नाही. कुमाऊंमध्ये तीन वर्षं काढली. तिथे ओढ्या-ओढ्यावर हेच यंत्र आहे, लाकडी चाकाचं. नाव घराट.

आमची आजी चोपड्याची. खानदेशात जात्याला घरोटा म्हणतात! पहिल्यांदा घराट ऐकलं तेव्हा मी त्या माणसाला दोनदा विचारलं. मूळ दोन्हींचं एकच, संस्कृत घरट्ट, म्हणजे दळायचा दगड. डोंगरात तो पाण्याने फिरतो आणि तापीकाठी बाईच्या हाताने, एवढाच फरक.

आणि आईसाहेबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. घराटचं पीठ गार येतं. मी स्वतः हात घालून बघितलंय. पाळी आरामात फिरते, दगड तापतच नाही. मडुव्याची (आपली नाचणी) रोटी त्या पिठाची खाल्लीय. घराटवाला पैसे घेत नसे, दळणातलाच थोडा भाग काढून ठेवायचा. पाणचक्कीही त्याच जातीची, तेव्हा तिचंही गारच असणार.

सांजवात

गार-गरम वाचून आमच्या गावची गिरणी आठवली. गाव तालुक्याचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. पण असं गाव तुमच्यातल्या प्रत्येकाचं असेल.

गिरणी वेशीजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये. आत ऑइल इंजिन. माझ्या आठवणीत हिरवं, पण वर पिठाचा आणि तेलाचा इतका थर की खरा रंग देव जाणे. सुरू करायचं म्हणजे सोहळा. मालक हँडल घालून जड चाकाला गती द्यायचे, कपाळावरची शीर फुगायची, मग खटका सोडला की एक खोकला, दुसरा खोकला आणि मग टुक्... टुक्... टुक् टुक् टुक्. धुराड्याच्या तोंडावर एक डबा अडकवलेला असायचा, त्याने आवाज आणखी लांब जायचा. मळ्यात, वस्तीवर ऐकू गेलं की बायका म्हणायच्या, "गिरणी लागली", आणि डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या. तीच आमची जाहिरात आणि तोच भोंगा. पट्टा घसरायला लागला की त्यावर राळ टाकायची, तो वास अजून नाकात आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतलं पाणी मात्र कढत असायचं. थंडीत आम्ही पोरं त्यात हात-पाय शेकत उभी.

दळणाचा क्रमही ठरलेला. आधी गहू, मग ज्वारी-बाजरी, डाळीचं शेवटी. मिरचीची गोष्टच वेगळी, तिचा दिवस वेगळा आणि तेव्हा सगळी गल्ली शिंकायची. उपासाचं दळण घेऊन येणारी बाई आधी दगड झाडून घ्यायला लावायची आणि पहिली मूठ वेगळी काढून ठेवायची. तरी घरी सासू विचारायचीच, "नक्की झाडलं होतं ना?"

चार-आठ दिवसांनी दगड गुळगुळीत व्हायचे. मग दुपारी गिरणी बंद, वरची पाळी उलटी करून मालक छिन्नीने टाकी लावत बसलेले, ठक ठक ठक. टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या दळणात कचकच यायची, म्हणून त्या दिवशी शहाणी बाई पहिला नंबर कधी लावायची नाही.

१९७२ च्या दुष्काळात याच गिरणीत मिलो दळला गेला. रेशनवरची अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी लालसर व्हायची, थापताना चिरायची. मोठी माणसं नाक मुरडत खायची, आम्हा मुलांना काही वाटायचं नाही. खडी फोडायला गेलेल्या बाया संध्याकाळी दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून थेट गिरणीत यायच्या आणि नंबर येईपर्यंत भिंतीला टेकून झोपायच्या. त्या टुकटुकीत कशी झोप लागायची कोण जाणे.

खाम_काठचा

इंजिनावरून एक योगायोग. औरंगाबादचं जुनं नाव खडकी, आणि गावोगावच्या गिरण्यांतली किर्लोस्कर ऑइल इंजिनं १९४६ नंतर ज्या कारखान्यातून आली तोही खडकीचाच, पुण्याजवळच्या. साताऱ्याची कूपर इंजिनंही खूप गावांत होती. काही ठिकाणी विलायती रस्टन किंवा लिस्टर.

मीठभाकर

सगळे प्रतिसाद आवडले, पण एक गोष्ट खटकते आहे म्हणून लिहिते.

पाणचक्कीची अक्कलहुशारी वगैरे सगळं मान्य. ती नहर खापरांतून वाहत होती त्याच वेळी, तिथून शंभर पावलांवर, बेगमपुऱ्यात आणि पलीकडच्या प्रत्येक घरात एक बाई पहाटे तीनला उठून जातं ओढत होती. तकियातल्या फकिरांचं पीठ पाण्याने दळलं आणि तिचं पीठ तिच्या खांद्याने. दोनशे वर्षं! पाणी होतं, यंत्र होतं, कारागीर होते. तरी ते यंत्र गावात का नाही पसरलं? मला वाटतं, कारण साधं आहे. तिची मेहनत फुकट होती. फुकट गोष्टीच्या जागी कुणी नहर खणत नाही.

माझी आजी सांगायची, पाच माणसांच्या घराला रोज दीड-दोन तास दळण. समोरासमोर दोघी बसल्या तर हलकं जायचं, एकटीला खुंटा रेटवत नसे. वैरण घालायला डावा हात, ओढायला उजवा. आणि त्यावर ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लोक म्हणतात, बघा किती समृद्ध परंपरा. आहेच. पण एक लाख ओव्या म्हणजे किती पहाटा, हाही हिशेब @यंत्रमाग यांनी कधीतरी मांडावा.

म्हणून माझ्या लेखी इतिहासातली मोठी गिरणी पाणचक्की नाही, @सांजवात यांची पत्र्याची शेड आहे.

यंत्रमाग

@मीठभाकर, मुद्दा मान्य. थोडी तांत्रिक पुस्ती मात्र जोडतो. मराठवाड्याच्या पठारावर ओढे पावसाळ्यानंतर आटतात, कुमाऊंसारखा बारमाही उतार नाही. एका चक्कीसाठी काही मैल नळ घालणं एखाद्या नवाबालाच परवडतं. प्रत्येक गल्लीत पाणचक्की शक्य नव्हती.

मीठभाकर

बैल होते की. उसाचा चरक बैल ओढत होते, तेलाचा घाणा ओढत होते, मोट ओढत होते. रस विकला जायचा, तेल विकलं जायचं. पीठ विकलं जात नव्हतं, म्हणून त्याला बैल मिळाला नाही.

अर्धवट

जागा राखली होती ती सोडून देतो. वरच्या प्रतिसादापुढे माझ्याकडे विनोद नाही.

हर्टफर्डकर

याच्या अगदी उलट बाजूची एक गोष्ट. मी इंग्लंडात सेंट ऑल्बन्सजवळ राहतो. इथे पाणचक्क्या मध्ययुगात भरपूर होत्या, पण त्या मठाच्या मालकीच्या. नियम असा की लोकांनी दळण मठाच्या चक्कीवरच आणायचं आणि त्यातला वाटा मठाला द्यायचा. लोक चोरून घरी दळायला लागले. तेव्हा चौदाव्या शतकात इथल्या मठाधिपतीने घराघरांतली जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठातल्या दालनाच्या जमिनीत फरशीसारखे बसवले! १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात गावकरी मठात घुसले ते ती जमीन उखडून दगड परत घ्यायला.

म्हणजे इथे लोक जातं परत मिळावं म्हणून लढले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटेना. दळायच्या कष्टासाठी कोण भांडतं? आता वाटतं, भांडण कष्टासाठी नव्हतं, वाट्यासाठी होतं. दळणातला भाग घराटवाला घेतो तोच, पण कुमाऊंत तो शेजारी असतो आणि इथे दारात शिपाई घेऊन येणारा मठ.

निवृत्त_फौजी

अगदी बरोबर. आमच्या घराटवाल्याला भाग जरा जास्त काढताना पकडलं तर आज्जीबाई त्याच्या हातावर चापट मारायची. मठाधिपतीला कोण मारणार?

सांजवात

@मीठभाकर, माझ्या आईचं सांगते. गावात गिरणी आली तेव्हा ती नवी सून होती. सासऱ्यांचं म्हणणं, इंजिनाच्या पिठाला चव नाही, सत्त्व जळतं, घरीच दळा. वर्षभर घरीच दळलं. मग एकदा आईला ताप आला आणि आठवडाभर आजेसासरे-सासरे दोघांना गिरणीच्या पिठाची भाकरी, न सांगता. आठव्या दिवशी आजीने विचारलं, "चव कशी आहे?" दोघं म्हणाले, नेहमीसारखी. त्या दिवसापासून जातं कोनाड्यात. पुढे फक्त हळकुंडं आणि लग्नाच्या मुहूर्ताला बाहेर निघायचं.

आता माझ्या सुनेकडे घरघंटी आहे, ओट्याखाली बसते. घंटी हा गुजराती शब्द, तिकडे जात्यालाच घंटी म्हणतात. म्हणजे जातं पुन्हा घरात आलं, बटण लावून.

अर्धवट

आणि बटण दाबायला पहाटे तीनला उठावं लागत नाही. पण दाबतं कोण, हे विचारायचं धाडस माझ्यात नाही.

काळीपांढरी

मूळ विषयाकडे थोडं. पाणचक्कीला जाणार असाल तर शेजारचा महमूद दरवाजा आणि खामेवरचा पूलही बघा, घाईत सुटतो. आणि जमल्यास पावसाळा संपता संपता जा, तेव्हा पाण्याला जोर असतो. उन्हाळ्यात धार बारीक होते आणि मग आडवं चाक म्हणजे काय हे नुसत्या कल्पनेवर सोडावं लागतं.

गोधडी

सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. सालाच्या भानगडीत तिला फार रस नव्हता. सेंट ऑल्बन्सच्या दगडांना "बरं केलं" म्हणाली. @मीठभाकर यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला आणि काहीच बोलली नाही. मग बऱ्याच वेळाने, "आमच्याकडे आम्ही तिघी जावा होतो, म्हणून निभावलं."

गार पिठाचं मात्र तिने मनावर घेतलंय. तिचं म्हणणं, गरम पीठ डब्यात भरलं की त्याला घाम सुटतो आणि ज्वारीची विरी (चिकटपणा) लवकर जाते, मग भाकरी मोडते. गार पिठाची विरी चार दिवस जास्त टिकत असणार. @निवृत्त_फौजी, कुमाऊंत पीठ दळून किती दिवस ठेवायचे, ते विचारते आहे.

निवृत्त_फौजी

आठ-दहा दिवसांचं एकदम दळायचे, लाकडी पेटीत. पण थंडी होती हो तिकडे. आईसाहेबांना सांगा, ज्वारी नव्हती, मडुवा आणि गहू. ज्वारीचं त्यांनाच जास्त कळतं.

गोधडी

सांगितलं. म्हणाली, "मग त्याला काय विचारायचं?" आणि दळणाचा डबा माझ्या हातात दिला. गिरणी साडेसातला बंद होते, निघते.